तिसऱ्या मजल्याचं पाणी

"हिला कशाला कागद? ही वापरणाऱ्यांत येत नाही." असं म्हणून ऑफिसच्या बडे बाबूंनी सगळ्यांसमोर माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

चिकलठाण्याची ती नवी सरकारी इमारत. ऑफिसं येऊन वर्ष झालं होतं. वापरणाऱ्यांना ती कशी वाटते, ऊन, वारा, पाणी, जिने, हे विचारायला एक मॅडम आल्या होत्या. त्यांनीच तो कागद मला दिला होता. मी तिथली सफाईवाली. सकाळी सातला यायचे, संध्याकाळी सहाला जायचे. माझ्याइतका वेळ त्या इमारतीत कोण असायचं? पण मी फडकं उचललं आणि कामाला लागले. सवय होती.

दुष्काळाचं साल. टँकर खालच्या हौदात रिकामा व्हायचा. तिथून पाणी तिसऱ्या मजल्यावर चढायचंच नाही. ते मी चढवायचे, दोन हातांत दोन बादल्या घेऊन. वरचा संडास मी धुवायचा, मग बाबूंनी कुलूप लावायचं. एकदा पोट दुखत होतं म्हणून किल्ली मागितली. "तुम्हा लोकांना उघड्यावरची सवय असते," बाबू म्हणाले. मी कंपाउंडमागच्या बाभळीत गेले. वर लाजही मलाच वाटली. त्याचाच आज जास्त राग येतो.

मॅडम तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मागोमाग मी, हातात फडकं. बाबूंनी संडासाचं कुलूप काढलं, मॅडमनी आतला नळ सोडला. धो धो पाणी.

"चोवीस तास असतं," बाबू म्हणाले. मॅडमनी कागदावर बरोबरची खूण केली.

माझ्या अंगाची आग झाली. वरची छोटी टाकी बाबूंनी आदल्या दिवशी माझ्याकडूनच भरून घेतली होती. तपासणी आली की दर वेळी हेच. त्यांचं खोटं मीच वर वाहून नेत होते.

मी पुढं झाले. तिथल्याच बादल्या नळांखाली लावल्या, दुष्काळात पाणी सांडायचं पाप नको. आणि तिन्ही नळ पूर्ण सोडले.

"ए, बंद कर! येडी झाली का?"

"नाय करणार. मॅडम, थांबा जरा. बघा किती टिकतंय."

टाकी ती केवढी? बादल्या भरल्या, नळ खरखरले, कोरडे पडले.

"हे पाणी पायपानं नाय आलं. म्या आणलं. अन् मलाच इथं बसायची बंदी हाय. लिवा."

मॅडमनी खूण खोडली.

दुसऱ्या दिवशी सफाईच्या ठेकेदारानं मला बिडकीनच्या ऑफिसात टाकलं. तिथंही नवी इमारत, तिथंही वरचे नळ कोरडे. तपासणी आली तशी तिथल्या साहेबांनी बादली पुढं केली. मी ती पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

"आधी संडासाची किल्ली द्या. अन् टाकी म्या भरणार नाय. कोरडा नळ कोरडाच दिसू द्या."

कामावरून काढायचं तर काढा. तपासणीसाठी एक बादलीही मी जिना चढवणार नाही.