आमची देशी, त्यांची देसी

लखनऊत आम्ही चार मराठी कुटुंबं जमलो की कुणीतरी 'देशी' या शब्दावरून नवा किस्सा काढतंच. एकाच शब्दाने इतकी माणसं उघडी पडलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

सत्तरच्या दशकात अमरावतीहून माझी इथे बदली झाली. शेजारच्या मिश्राजींनी पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं. वाढता वाढता भाभी म्हणाल्या, "बेफिक्र होकर खाइए, सब देसी में बना है."

सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, घास हातातच राहिला. आमच्याकडे देशी फक्त बाटलीत मिळायची. तिने मुलाचं ताट हळूच बाजूला सारलं. भाभींनी साजूक तुपाचा डबा आणून दाखवला, तेव्हा कुठे जेवण पुढे सरकलं.

*

ऑफिसात साहेबांनी एकदा लंबंचौडं भाषण ठोकलं. देशी माल वापरा, परदेशी वस्तूंचा मोह सोडा. जोशात हात वर केला, तर बाहीखालून चकचकीत जपानी घड्याळ बाहेर आलं. हॉलमध्ये खसखस पिकली.

साहेब शांतपणे म्हणाले, "घड़ी जापानी है, मगर देने वाला साला देसी है."

*

आमच्या चार कुटुंबांतल्या आपटे वहिनी पुण्याच्या. आमचं आडनाव ऐकल्यावर त्यांनी मला विचारलं, "मूळचे कुठले?"

अमरावतीचे, मी सांगितलं.

"तसं नव्हे. त्याच्याही आधीचे?"

"त्याआधी आईच्या पोटात होतो."

चहाचा आग्रह तिथेच थांबला.

*

पुढे मिश्राजींच्या मुलीचं लग्न छावणीतल्या एका मराठी कॅप्टनशी ठरलं. सासूशी बोलण्यापुरती मराठी तिला कोण शिकवेल, हे विचारायला भाभी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीला आल्या. बैठक आपटे वहिनींच्या घरी होती. कुणीतरी सुमनचं नाव सुचवलं.

वहिनी लगेच म्हणाल्या, "उनकी मराठी तो एकदम देसी है." वर सुमनच्या 'करून राहिले, जाऊन राहिले'ची नक्कलही करून दाखवली. दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. सुमन खाली मान घालून बसली.

भाभींचा चेहरा मात्र खुलला. त्या उठून सुमनजवळ येऊन बसल्या आणि उद्यापासूनच मुलीला पाठवू का, असं विचारू लागल्या.

वहिनी गडबडल्या. शिकवायला मी आहे ना, असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं.

"आप रहने दीजिए," भाभी म्हणाल्या. "बिटिया ससुराल में मिलावट वाली थोड़े ही बोलेगी."