कोचसाहेबांचे अकरा गडी

मेलेल्या माणसांकडून कवायत करून घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता. कॅनडातल्या विंडसरला नोकरी लागल्यावर आम्ही नवराबायको ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो, ते हे जर्मन म्हातारबुवा. अख्खी गल्ली त्यांना कोच म्हणे. आम्ही आपले कोचसाहेब. महायुद्धानंतर कोळशाच्या खाणींच्या एका गावात ते फुटबॉल खेळत, लेफ्ट आउटला, म्हणजे डाव्या कडेच्या रेषेलगत. गुडघा गेला तसे कॅनडात आले, दिवसा मोटारींच्या कारखान्यात राबले आणि संध्याकाळी इटालियन, पोलिश, मिळतील त्या पोरांना शिकवत राहिले. पुढे पोरं संपली, पण कोचगिरी सुटली नाही. मी दारातला बर्फ फावड्याने कसा शोव्हल करतो ते पाहून त्यांनी मला कायमचा राखीव खेळाडू ठरवून टाकलं. ग्रोसरीच्या रांगेत कुणी बाई पुढे घुसली की "मार्क हर!" असं, म्हणजे तिला अडव म्हणून, ते माझ्यावर खेकसत, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला होई.

घरामागच्या मैदानावर सकाळी नदीवरून धुकं आलं, की कोचसाहेब त्यात एकटेच उभे राहून नावं घेऊन ओरडत. नावं त्यांच्या जुन्या संघातल्या सोबत्यांची. जर्मनीहून फोन येई, अमका गेला. दुसऱ्या दिवशी कोचसाहेब गुळगुळीत दाढी करून मैदानात. "ही इज हिअर नाउ. पळायला आळशी, पहिल्यापासूनच." मी आधी हसलो. मग एकदा त्यांनी धुक्यात लाथाडलेला चेंडू पलीकडून परत आला. मैदानाला उतार असेल, अशी मी मनाची समजूत घातली. बायको मात्र स्पष्ट म्हणाली, "त्यांना खुशाल जेवायला बोलाव. टीम नको."

मी त्यांच्याबरोबर मैदानात जायला लागलो तोवर संघात दोनच जागा रिकाम्या होत्या. एक गोलकीपरची, कारण तो जर्मनीत अजून जिवंत होता, आणि दुसरी खुद्द कोचसाहेबांची. दर रविवारी ते गोलकीपरला फोन करून गोळ्या घेतल्यास का, जिना का चढलास, म्हणून झापत. "तो आला, की उरलो मी," असं मला एकदा अगदी सहज म्हणाले. गोल रिकामा दिसला तर त्याला बोलावणं येईल, म्हणून तिथे मला उभं केलं. जन्मभर क्रिकेट खेळलेला मी कानटोपी घालून तो गोल राखत होतो.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी गोलात जाऊन उभा राहिलो, तर कोचसाहेब हळूच म्हणाले, "कम आउट. तो आलाय." मी बाजूला झालो. त्यांनी चेंडू मारला. तो सरळ गेला आणि गोलरेषेवर थांबला. गवत ओलं होतं, म्हणून थांबला असेल. कोचसाहेब डावीकडच्या रेषेकडे बघत होते. मग लंगडत तिकडे चालू लागले. मी धावत जाऊन त्यांच्या आधी ती जागा अडवली.

"लेफ्ट आउट मी. तुम्ही कोच."

"यू? यू हॅव नो लेफ्ट फूट!"

"मग शिकवा ना, कोच. प्लीज."

त्यांनी धुक्याकडे पाहिलं, कुणाला तरी विचारल्यासारखं. मग वळले आणि माझ्यावर ओरडायला लागले.

आता कोचसाहेब नाहीत, आणि त्यांची फार आठवण येते. त्या ऑक्टोबरनंतर कितीतरी सकाळी चेंडू माझ्या डाव्या पायावरून निसटे, ते कपाळाला हात लावत आणि "टुमॉरो, अगेन!" म्हणत घरी जात. डाव्या पायाने मारायला मला खरं तर त्या पहिल्याच हिवाळ्यात जमलं होतं.