कांदा निघाला की इमानात बसते

लिव बाळा. आज आमच्या हिंदुराव भावजींचं लिव.

हिंदुराव म्हंजी माझं थोरलं दीर, तुझ्या आजोबांचं सख्खं भाऊ. तू काय त्यांना बघितलं न्हाईस. आता चाकनच्या अल्याड ती गाड्यांची कंपनी हाय ना, जिच्या भिंतीला लागून वडापावच्या टपऱ्या हायेत, तिथं तवा नुसतं गायरान व्हतं. त्या गायरानाच्या कडंला, आमच्या रानात, आमच्या घरचं इमान उभं ऱ्हायचं. हसू नको. खरंच इमान. उडायचं ते.

आता तू बघतीस तसलं न्हाई हां, शंभर मानसं बसत्यात तसलं. ह्ये लहान. येकच इंजिन म्होरं, त्याला लाकडाचा पंखा. अंग कापडाचं, दोन्ही बाजूला खाली येक पंख आन् वर येक, आन् दोन्हीच्या मधी तारा वढल्याल्या. बसायला दोनच जागा, येकामागं येक, वर छप्पर न्हाई.

भावजी लढाईच्या वक्ताला इमानाच्या पलटनीत व्हते. उडवायचं काम न्हाई त्यांचं. पंखांचं कापड फाटलं का शिवायचं, त्याच्यावर कसलीशी दवा फासून त्ये ढोलासारखं तानायचं, ह्ये काम. परत आल्यावर गावानं इचारलं, लढाईत काय केलंस? त्यांनी खरं सांगितलं. तवा आमच्या शेजारचा कोंडाजी म्हनला, "म्हंजी बंदूक न्हाई, सुईदोराच की रं! मग माझी गोधडीबी घी शिवायला." भावजींनी खरंच शिवून दिली त्याची गोधडी. असं मानूस.

मग देहूरोडला मिलटरीच्या डेपोत लागले. आठवडाभर तिकडं, शनवारी सायकल हानत घरी. पुन्याला येक म्हातारा साहेब व्हता इमान शिकवनारा, त्याच्याकडं ह्ये रविवारी जायचे, त्याची यंत्रं पुसून द्यायचे आन् त्या बदल्यात तो ह्यांना वर न्यायचा. असं करत करत शिकले, लायसनबी मिळालं. त्या साहेबानंच येक दिस सांगितलं, खाली कोल्हापूरच्या अंगाला येका जहागीरदाराचं जुनं इमान पडून हाय, जहागिरी गेली, आता त्याला नको झालंय. भावजी बघून आले. बसायच्या जागंत कोंबडीनं अंडी घातली व्हती म्हनं. पलटनीतनं सुटताना मिळाल्यालं व्हतं त्ये आन् घरची बैलजोडी, सगळं घातलं त्यांनी त्यात.

घरात काय झालं असंल बघ! माझी सासू भागूबाई दारात बसून रडली. कोंडाजी ओट्यावरनं म्हनला, "हिंदुराव, बैल इकून पाखरू आनलंस, आता औताला ह्येच धरनार का?"

"नांगरट हुईल का न्हाई म्हाईत न्हाई," भावजी म्हनले, "पर तुला पेरायला वरनं नेऊन टाकीन."

लई हसली मानसं. भावजी न्हाई हसले. त्यांना हसू येत नसायचं, त्ये दुसऱ्याला हसवायचे.

साहेबासंगं बसून त्यांनी त्ये इमान उडवत आनलं. गायरानात उतरलं तवा म्हशी पार खिंडीपोतर पळाल्या. शाळा सुटली, मास्तरबी पळत आला. सासूबाई रडनं इसरल्या, तांब्या घिऊन आल्या, पंख्यावर पानी घातलं, कुकू लावलं. नारळ फोडाया निघाल्या तवा भावजी आडवे झाले. "आये, लाकूड हाय त्ये, तडकंल. दगडावर फोड."

शेड त्यांनी सोता बांधलं. वर नवा पत्रा, खाली मुरूम ठोकल्याला, चहूबाजूनं वारं खेळतं. आमच्या घराला कौलं गळायची, पर इमानाच्या शेडात थेंब येत नव्हता. दर रविवारी भावजी तळहात पंखावरनं फिरवायचे, बैलाच्या पाठीवरनं फिरवावा तसा. कुठं कापड ढिलं, कुठं खिळा सैल, हाताला कळायचं. महिन्यातनं येकदा उडायचे. तुझे आजोबा पंखा हातानं फिरवून द्यायचे. नोकरीतनं उरंल त्ये सगळं पेट्रोलच्या डब्यात जायचं.

आता गवराबाईचं सांगते. गवराबाई भावजींची बायको, माझी थोरली जाऊ. मी आक्का म्हनायची तिला. भावजींसमोर मी कवा मोकळी बोलले न्हाई, पदर डोईवर, नजर खाली. माझं जे काय बोलनं त्ये आक्काशी. उंच, काळीसावळी, कामाला वाघीन. रान तीच बघायची.

भावजींच्या मनात येकच व्हतं. आक्काला येकदा त्यात बसवायचं. पलटनीत असताना तिला कागद धाडायचे, दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची ती. त्यात म्हनं लिवायचे, ढगाच्या वर ऊन असतंय, तुला दावीन. तिचा इश्वास बसायचा न्हाई. "ढगाच्या वर कसलं ऊन? ऊन तर खाली पडतंय."

इमान आलं त्या साली ती पोटाशी व्हती. सासूबाईंनी चढूच दिलं न्हाई. पोर झालं, पर रडलंच न्हाई त्ये. मुलगा व्हता. त्याच्यानंतर आक्का वरीसभर कुठं गेली न्हाई, सनाला बांगड्यासुदिक भरल्या न्हाईत. भावजी इचारायचे, ती मान हालवायची. मग इचारनं बंद केलं त्यांनी.

पिंपरीला ती औषधाची कंपनी निघाली ना, त्याच सुमाराला, येका संक्रांतीला तीच आपनहून म्हनली, "अवो, वर गेल्यावर डोईवरचा पदर ऱ्हातो का?"

भावजी जेवत व्हते. हातातला घास तसाच. "टाचन लावू."

"आन् टाचन उडालं तर?"

"तर वर कोन बघतंय? मी मागं बसनार, मला पाठच दिसंल."

"मग कांदा निघाला की बसते," ती म्हनली. "आदी न्हाई. हातातलं काम टाकून मी हवा खायाला जानार न्हाई."

आमच्याकडं कांदा म्हंजी बाकीचं सगळं मागं. त्या साली तर कांदा असा आल्ता, येकेक मुठीत मावत नव्हता. आक्कानं नवं लुगडं काढून ठिवलं, हिरवं, इरकली काठाचं. दुपारी माझ्या म्होरं काष्टा घट्ट मारून बघायची. "ह्ये सुटायचं न्हाई ना गं? सगळ्या गावाला तमाशा व्हायचा." आन् दोघी हसायचो.

कांदा काढाया घेतला आन् निम्मा रानात पडल्याला असतानाच पच्छिमेकडनं आभाळ आलं. वैशाखातलं. कांद्याची चाळ आमची पाचटाची, आदल्याच आठवड्यात वावटळीनं तिचं डोकं उडवल्यालं. भावजी देहूरोडला. आक्कानं आभाळाकडं बघितलं, चाळीकडं बघितलं आन् म्हनली, "इमानाच्या शेडात घाला सगळा."

तुझे आजोबा म्हनले, "वयनी, दादाला इचारल्याबिगर?"

"दादा येईस्तवर चिखूल हुईल ह्याचा. कांदा वाचला तर त्यांच्या इमानाला नवं चाक येनार हाय. तेच म्हनत व्हते ना, चाक झिजलंय?"

सगळे लागलो. पाट्यावर पाट्या. खालच्या पंखाच्या खाली पार मागच्या शेपटापोतर कांदा पसरला. आक्कानं किती जपून पसरला! कापडाला पाटी लागू नये म्हनून सोता वाकून आत गेली. बियान्याचे कांद्याचे गोंडे व्हते, त्ये तिनं दोन पंखांच्या मधल्या तारांना बांधले वाळायला. लगनाच्या मांडवागत दिसत व्हतं इमान. शेवटची पाटी आत गेली आन् पाऊस आला.

शनवारी भावजी आले. सायकल टेकवली, शेडात गेले. मी दारातनं बघत व्हते. कांदा बघितला, तारा बघितल्या, तळहात पंखाच्या खालनं फिरवला. आक्का मागं उभी, हात कांद्याच्या टरफलानं लाल झाल्याले, तोंडावर असा आनंद का सांगू नको.

"बरं केलं," भावजी म्हनले. "कांदा वाचला."

"इमानाला काय व्हनार न्हाई ना?"

"न्हाई. त्ये वर हाय की."

त्यांना कळत व्हतं बाळा. कांदा उबतो, वाफ सोडतो, त्ये कुनाला म्हाईत न्हाई? आन् पंखाच्या आत लाकूड, सरसानं चिटकवल्यालं, त्याला ओल चालत न्हाई, त्ये आमाला कुठं ठावं? पुढल्या रविवारी हालवू म्हनले व्हते तुझ्या आजोबांना. पर बाजार पडला, कांदा कुनी घेईना. चाळीचं डोकं बांधायच्या आत मिरग लागला. आन् आशाढात आक्काला ताप भरला. असा भरला का उठंना. भावजी डेपोतनं रजा काढून तिच्या उशाशी. कांदा ऱ्हायला तिथंच. मधनं मधनं जाऊन सडका येचून टाकायचे, बाजूचा तट्टा उघडायचे. शेडात शिरलं का डोळं झोंबायचे.

आक्का उठली गनपतीत. हाडाचा सापळा. म्हनली, "माझं बसायचं ऱ्हायलं की वो."

"आता चिखूल हाय. दसऱ्याला साहेब तपासून जाईल, मग दिवाळीला जाऊ."

दर साली सरकारचा साहेब यायचा, इमान उडायच्या लायक हाय का बघायला. त्याच्या कागदाबिगर उडवायचं न्हाई. दसरा झाल्यावर आला, तवर कांदा शेडातनं निघाला व्हता. चांगला मानूस. इंजिन बघितलं, खूश झाला. मग खालच्या पंखाला बोटानं टकटक करत चालला. येके ठिकानी आवाजच निराळा आला, भिजल्या ढोलकीवानी. त्यानं कापड कापलं, पेचकस लाकडात टेकवला. दाबलाबी न्हाई. मुठीपोतर आत गेला.

भावजींनी त्या भोकावरनं तळहात फिरवला.

"हिंदुराव, ही ओल कुठनं आली?"

तेवढ्यात आक्का च्या घिऊन आली. दोन कप, ताटलीत. भावजींनी तिच्याकडं न बघता सांगितलं, "पत्रा गळतोय साहेब."

साहेबानं वर बघितलं. पत्र्याला भोक न्हाई. खाली बघितलं. मुरमावर लाल टरफलं पसरल्याली, ती वाऱ्यानं हालत व्हती. त्यानं आक्काच्या हातनं कप घेतला, म्हनला, "व्हय, पत्रे लई खराब यायला लागलेत आता." च्या पिला आन् कागदावर लिवून दिलं का ह्ये वर जायचं न्हाई. चारीबी पंखांची लाकडं गेली व्हती. तसलं लाकूड परदेशातनं यायचं, इतक्या जुन्या इमानाचे पंख आता कोन देनार? भावजींनी पुन्याला इचारलं, मुंबैला इचारलं. न्हाई मिळालं.

मग काय केलं म्हाईत हाय? पुढल्या रविवारी डांबराचा डबा आनला, शिडी लावली आन् सगळा पत्रा डांबरला. येक थेंब न गळनारा पत्रा. उन्हात बसून, सगळ्या गावाच्या देखत. कोंडाजी खालनं म्हनला, "आता काय उपेग रं? आदी का न्हाई लावलंस?"

"चुकलं राव," भावजी म्हनले.

आक्का खाली शिडी धरून उभी व्हती.

चार दिसांनी आमी दोघी इहिरीवर धुनं धूत व्हतो. ती धुता धुता थांबली. "मला येक सांग. पत्रा गळत व्हता तर खालचा कांदा कसा भिजला न्हाई?"

मी हातातला पिळा पिळत ऱ्हायले.

"मीच बुडावलं गं त्यांचं इमान," ती म्हनली. रडली न्हाई. परत धुयाला लागली. मग म्हनली, "त्यांना कळू दिऊ नको, मला कळलंय म्हनून. त्यांनी येवढं डांबर लावलंय."

दोघंबी तसंच ऱ्हायले. ती इचारायची, कवा दुरुस्त व्हनार? त्ये म्हनायचे, बघू पुढल्या साली. घरात असं बोलनं, आन् ऐकनारी मी.

शेवटी भावजींनी भंगारवाल्याला सांगितलं. भोसरीचा व्हता, सोमवारी गाडी आननार व्हता. रविवारी सकाळी आक्का न्हाली, त्ये हिरवं लुगडं नेसली, पदराला टाचन लावलं आन् शेडाम्होरं जाऊन उभी ऱ्हायली.

"मला बसवा."

"आता वर जात न्हाई त्ये, गवरे."

"ऱ्हाऊ दे. जमिनीवर बसते. इंजिन चालतंय ना? त्ये सुरू करा. माझं बसायचं ऱ्हायलंय."

भावजींनी चाकाला दगड लावले, शेपूट लिंबाला बांधलं. तिला हात दिऊन म्होरच्या जागंत बसवलं, पट्टा आवळला, आपन मागं बसले. तुझ्या आजोबांनी पंखा फिरवला. येकदा न्हाई, दोनदा न्हाई, मग धडाड् करून लागला. काय त्यो आवाज! लिंबाचा पाला उडाया लागला, माझा पदर माझ्या हातात ऱ्हाईना. इमान जाग्यावर थरथरत व्हतं.

मी म्होरं, जरा कडंला उभी. मला आक्काचं तोंड दिसत व्हतं, भावजींना पाठ. आन् ती बोलत व्हती. म्होरं बघून, मोठ्यानं, तोंड पार उघडून बोलत व्हती, डोळ्यातनं पानी कानाकडं चाललं व्हतं. येक अक्षर ऐकू आलं न्हाई, ना मला, ना त्यांना. काय बोलत व्हती त्ये मला कळत व्हतं. सगळं सांगून टाकत व्हती ती त्यांना.

भावजी मागं, मान वर, आभाळाकडं बघत बसल्याले.

पेट्रोल संपत आलं तसं इंजिन गचके खात बंद पडलं. येकदम गप झालं सगळं. भावजी उतरले, तिचा पट्टा सोडला, तोंडाकडं बघितलं.

"भ्यालीस व्हय गं?"

"व्हय," आक्का म्हनली. "लई भ्याले." आन् त्यांच्या खांद्यावर हात ठिवून खाली उतरली.