दुसऱ्यांच्या नावाचे घास

काट्यावर चढण्याआधी स्पिरिदोनने बूट काढले, मोजे काढले, कमरेचा पट्टा काढला, आणि खिशातली चर्चची लोखंडी किल्लीसुद्धा बायकोच्या हातात दिली. काटा थोडा डगमगला आणि एकशे बारावर जाऊन बसला.

"मागच्या वेळी एकशे दहा होतं," नर्स म्हणाली.

"काटा खोटा आहे."

"सकाळी मी स्वतः उभी राहिले होते त्यावर, काका. माझं बरोबर दाखवलं त्यानं."

"तुझं काय सांगतेस! तू खिडकी उघडी राहिली तर उडून जाशील."

कोणी हसलं नाही. वेता, त्याची बायको, किल्ली मुठीत धरून भिंतीकडे बघत राहिली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनं वसंतातच सांगून ठेवलं होतं की उजव्या खुब्याचा सांधा बदलायचा तर वजन शंभराच्या आत हवं, त्याशिवाय भूल देणार नाही. वसंत गेला, आलूबुखारे पिकून गळून गेले, आणि वजन खाली यायचं सोडून वरच चाललं होतं.

स्पिरिदोनला राग डॉक्टरचा नव्हता. राग आपल्याच अंगाचा होता. मेरिशोरू गावात त्याच्याइतकं कमी खाणारा माणूस नव्हता, असं त्याला मनापासून वाटे. सकाळी तो काही खात नसे. दुपारी घरी जेवत नसे. संध्याकाळी एकदा ताटावर बसायचा. मामालिग्याचा, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा, एक तुकडा, थोडं चीज, एखादा कांदा. दिवसातून एक वेळ जेवणारा माणूस जाड कसा होतो? मठातले साधू एक वेळ जेवतात आणि वाळक्या काटकीसारखे असतात. मग देवानं आपल्यावरच हा डोंगर का रचला?

उन्हाळ्यात दुकानदार मितू त्याला म्हणाला होता, "दादा, चूक तिथंच आहे. एक वेळ खाल्लं की शरीर घाबरतं, सगळं साठवून ठेवतं. थोडं थोडं पाच वेळा खा. माझ्या मेहुणीनं टीव्हीवर पाहिलंय." स्पिरिदोनने मग महिनाभर पाच वेळा खाल्लं. सकाळी अंडं, दहाला चीज, दुपारी सूप, चारला सफरचंद, संध्याकाळी मामालिगा. त्या महिन्याची कमाई म्हणजे हे वरचे दोन किलो.

खुब्याचं दुखणं घरात बसून सोसता आलं असतं. पण स्पिरिदोन गावच्या चर्चचा गायक होता. चाळीस वर्षं तो गात आला होता. त्याचा आवाज म्हणजे विहिरीत खोल सोडलेली बादली; खालून भरून वर यायचा, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी सोबत घेऊन यायचा. मेरिशोरूत जन्मलेलं प्रत्येक माणूस मनातल्या मनात ठरवून बसलेलं असे की आपल्याला शेवटची वाट स्पिरिदोनच्या आवाजानं दाखवायची. दफनभूमी टेकडीवर. गेल्या पंधरवड्यात तो अर्ध्या चढावर थांबला आणि त्याला शवाच्या गाडीला टेकून गावं लागलं. गाडीचे बैल मागं वळून बघत होते. माणसं खाली बघत होती. सांधा बदलला नाही, तर हिवाळ्यात टेकडी त्याच्यासाठी बंद होणार होती, आणि पुढचे मेलेले मुक्यानं जाणार होते.

नर्सनं त्यांना आहाराच्या डॉक्टरकडे पाठवलं. कोरिना नावाची तरुण बाई, बोलण्यात घाई नसलेली. तिनं विचारलं, "कालचं सगळं सांगा. तोंडात गेलेलं एकूण एक."

"मामालिगा. चीज. कांदा."

"बस?"

"बस."

"परवा?"

"तेच. फक्त कांदा नव्हता."

वेतानं किल्ली टेबलावर आपटली. टेबलावरची पेन्सिल उडाली. "आणि परवा सकाळी पारास्किवाच्या नवऱ्याचं नवव्या दिवसाचं होतं, ते?"

"ते माझं नव्हे," स्पिरिदोन म्हणाला.

"कुणाचं तोंड होतं मग?"

"तोंड माझं. जेवण त्याचं."

कोरिनानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ती क्रायोवा शहरात वाढलेली असली तरी तिचीही आजी कुठल्या तरी गावातच पुरलेली असणार, कारण तिला लगेच कळलं. "पोमाना," ती म्हणाली. मेलेल्याच्या नावानं जिवंताला वाढायचं, जिवंतानं "देव त्याला क्षमा करो" म्हणून खायचं, आणि ते पलीकडे त्याला पोचायचं. तिसऱ्या दिवशी, नवव्या, चाळिसाव्या. मग तीन महिन्यांनी, सहा, नऊ, वर्षानं. मग दरवर्षी, सात वर्षं. मेरिशोरूतली तरणी माणसं इटलीला गेलेली, मागे राहिलेली एकेक करून टेकडीवर चाललेली. गाणारा एक, मेलेले रोज नवे. असा आठवडा जात नसे की स्पिरिदोनच्या हातात कुणीतरी पेटती मेणबत्ती लावलेली वाटी ठेवली नाही.

"काय काय असतं?" कोरिनानं विचारलं.

उत्तर वेतानं दिलं. उकडलेल्या गव्हाचा कोलिवा, वर बोटभर साखर, आत अक्रोड. कोबीच्या पानात गुंडाळलेले सरमाले, धुरावलेल्या मांसाचे आणि भाताचे. गोड पाव. आणि आलूबुखाऱ्याची दारू, कारण मेलेल्याला कोरडं पाठवत नाहीत.

"काका, एवढा कोलिवा म्हणजे एक अख्खं जेवण झालं. सरमाले धरले तर दुसरं. तुम्ही दिवसातून एकदा खा, पाचदा खा, शरीराला वेळा कळत नाहीत. ते सगळ्याची बेरीज करतं."

"बाई," स्पिरिदोन ताठ बसला. चर्चमध्ये चुकीचा सूर लागला की तो असाच बसे. "टपालवाल्याच्या पिशवीत शंभर पत्रं असतात. म्हणून ती त्याला आलेली असतात का? मी टपालवाला आहे."

"पत्रं पिशवीत राहत नाहीत, काका," कोरिना हळूच म्हणाली. "ही राहिली आहेत."

तिनं वजनाची पुढची तारीख दिली. नाताळच्या आधीची. त्यानंतर शस्त्रक्रियेचा डॉक्टर दुसऱ्या शहरात जाणार होता.

घरी जाणाऱ्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. खिडकीबाहेर मक्याची कापलेली शेतं डॅन्यूबकडे उतरत चालली होती, पिवळी, रिकामी, आणि त्याला वाटत होतं की तिथं उभं राहिलेलं प्रत्येक धाट आपल्याकडे बघून हसतंय. चाळीस वर्षं आपण लोकांच्या मृतांना जेवू घातलं, आणि त्यांनी काय केलं? पोटावर येऊन बसले. एकेक करून, शेजारी शेजारी, गावात बसायचे तसे.

"मला एक सांग, अरे माणसा," वेता शेवटी म्हणाली, "माझ्या हातचं घेवड्याचं सूप तू शेवटचं कधी मागून खाल्लंस?"

"तुझंच तर खातो मी."

"माझं तू उरलेल्या भुकेनं खातोस. मेल्याशिवाय तुझ्या पोटात जागा मिळत नाही, असं दिसतंय. मरू का?"

"तोंड आवर. बसमध्ये आहोत."

शनिवारी सुलतानाकडे तिच्या नवऱ्याचं, इलारियेचं सहा महिन्यांचं होतं. स्पिरिदोन काठी टेकत गेला, गायला, आणि गाताना दुखण्यानं त्याला घाम फुटला. गाणं संपलं. सुलताना, सत्तरीची, काळा रुमाल बांधलेली, वाटी घेऊन समोर आली. वाटीच्या काठावर मेणबत्ती चिकटवलेली, गव्हावर साखरेचा क्रूस. पाठीमागे अंगणात सरमाल्यांच्या पातेल्यावर झाकण उड्या मारत होतं. स्पिरिदोनच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याला स्वतःची इतकी चीड आली की आवाज कोरडा निघाला.

"सुलतानाताई, मला फक्त पेलाभर पाणी दे. पाणीही पोचतं. आपल्याकडे मेलेल्यांसाठी पाणी वाहतातच की."

सुलताना एक पाऊल मागं सरली. "पाणी? माझ्या इलारियेला? अरे, पाणी त्यानं आयुष्यभर बैलांना पाजलं. स्वतः कधी प्यायलेला पाहिलास का?"

बाकावरच्या म्हाताऱ्या हसल्या. सुलताना हसली नाही.

"डॉक्टरीण म्हणते..."

"डॉक्टरणीला काय कळतंय इलारियेची भूक! सहा महिने तो तिकडे बसलाय ताट मांडून. मी पहाटेपासून उभी आहे चुलीशी. आणि तू म्हणतोस, पेलाभर पाणी पाठव?"

"मितूला दे ना. मितू खाईल."

"मितूच्या तोंडाचा मला भरवसा नाही. तो खातो आणि विसरतो. तू गातोस, तुझ्यावाटे पोचतं." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "दादा, मी कुणाला देऊ रे? पोरगा तिकडं इटलीत, मिलानला. फोनवर म्हणतो, आई, माझ्या वतीनं तूच खा. असं असतं का? देणाऱ्यानंच खाल्लं तर दिलं काय?"

खाल्लं तर टेकडी जाते, नाही खाल्लं तर इलारिये उपाशी राहतो आणि ही बाई रात्रभर भिंतीकडे बघते. त्यानं वाटी घेतली. "देव त्याला क्षमा करो," म्हणाला. पण चमचा उचलला नाही. "घरी नेतो. बसून नीट खातो. उभ्यानं नको."

सुलतानानं संशयानं पाहिलं, मग डब्यात सरमालेही भरून दिले. कुरकुरत्या खुब्यानं तो वाट चालू लागला तेव्हा डबा काठीपेक्षा जड लागत होता. वाटेत कुत्रं आडवं आलं. एक क्षण त्याच्या मनात आलं ते त्याला पुढे सांगायची लाज वाटली. मेलेल्याचा घास कुत्र्याला घालायचा नसतो. त्यानं कुत्र्यावर काठी उगारली. बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

वेतानं डबा पाहिला आणि ओळखलं. "घेतलंसच ना?"

"मग काय करू? तिच्या तोंडावर टाकून येऊ? तू सांग! सगळे मला सांगताय, खाऊ नको. इलारियेला कोण सांगणार? तू जातेस?"

तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. वेता दारात उभी होती. ती मुळात बारीक. उभी राहिली की दाराची चौकट मोकळीच वाटायची. फडताळात पोमान्यात आलेल्या वाट्यांची उतरंड होती, प्रत्येक वाटी कुणाच्या ना कुणाच्या नावाची. तिनं त्यांतली एकही घेतली नाही. मागून एक लहान मातीची वाटी काढली, लग्नात माहेराहून आणलेली, तिच्यात चुलीवरचं घेवड्याचं सूप ओतलं आणि त्याच्यापुढं ठेवली. मग इलारियेची वाटी स्वतःकडे ओढली, मेणबत्ती पुन्हा पेटवली, आणि चमचा गव्हात खुपसला.

"काय करतेस?"

"लग्नात तूच गातोस ना, दोघांचा एक देह म्हणून? चाळीस वर्षं गातोयस. खरं आहे की नुसता सूर आहे?"

"खरं आहे."

"मग तुझ्या तोंडानं म्हटलंस, माझ्या तोंडानं खाते. देह एकच. पोचेल."

यात चूक कुठं आहे ते स्पिरिदोनला सापडेना. पाद्र्याला विचारावं लागलं असतं, आणि पाद्री स्वतःच एकशे वीस किलोचा होता.

वेता हळूहळू खात होती. नवशिक्यासारखी, प्रत्येक घासाला डोळे किंचित मिटून. स्पिरिदोनचं सूप कधीच संपलं. त्यानं वाटी तळापर्यंत खरवडली, मग काठाला लागलेलं बोटानं पुसलं.

"आणखी?" त्यानं विचारलं.

"बस तेवढंच," वेता म्हणाली. "कसं झालंय?"

"मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे. तुझ्या जिभेला दुसऱ्यांची सवय लागलीय."

तिनं सरमाल्यांचा डबा उघडला. धुरावलेल्या मांसाचा वास खोलीभर पसरला. स्पिरिदोननं मान खिडकीकडे वळवली. बाहेर टेकडी दिसत होती, तिच्यावर एकमेकांना टेकून उभे असलेले क्रूस. उद्या पारास्किवाच्या सासूचं वर्ष होतं. बुधवारी लोहाराचं. तो मनात मोजू लागला आणि नाताळपर्यंत पोचायच्या आत थांबला.

"मांस पुष्कळ घातलंय का?" त्यानं न बघता विचारलं.

"पुष्कळ."

"भात?"

"कमी. सुलतानाचा हात मोकळा आहे." वेतानं घास गिळला, घागऱ्याची कमरेची नाडी एक बोट सैल केली, आणि दुसऱ्या सरमाल्याकडे वळली.

"सावकाश खा," स्पिरिदोन चिडून म्हणाला. "इलारिये सावकाश खायचा."