अक्कासाठी आठ किलो

डॉक्टरांनी मला आठ आठवडे दिले होते आणि आठ किलो सांगितले होते. "तुमचा रक्तगट जुळतो, वयही बसतं," ते कानडीत म्हणाले, "पण तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. असलं लिव्हर कापून दुसऱ्याला देता येत नाही. वजन उतरवा, चरबी उतरेल. मग ऑपरेशनची तारीख ठरवू."

ते लिव्हर माझ्या अक्काला हवं होतं. ही माझी थोरली बहीण, राजाजीनगरला राहते. जन्मात दारूचा वासही न घेतलेल्या या बाईचं लिव्हर आकसत चाललं होतं. डोळे पिवळे झाले होते, पावलं सुजली होती, पोटात पाणी भरायचं आणि ते काढायला दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटलात जावं लागायचं. दाजींचा रक्तगट जुळत नव्हता. त्यांना एकच मुलगी, एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिचं नाव कुणी काढलंच नाही. लग्नाच्या वयाची पोर, तिच्या पोटावर चीर कशाला, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. मग उरलो मी. माझ्या लिव्हरचा तुकडा अक्काला बसवायचा, माझं उरलेलं काही महिन्यांत पुन्हा वाढतं, तिला दिलेलंही वाढतं. ऐकायला किती सोपं.

तेव्हा मी शहाण्णव किलोंचा होतो. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या कानडी मुलखात आले असं घरात सांगतात. त्यावरून मावशी मला चिडवायची, "याला घोड्यावर बसवलं तर आधी घोडाच बसेल." मीही सगळ्यांबरोबर हसायचो. जाड माणसाला हे लवकर शिकावं लागतं, आपल्यावरच्या विनोदाला आपणच आधी हसायचं. त्यामागे काय दुखतं ते कुणी विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलातून बाहेर पडताना माझी छाती मात्र अभिमानाने भरून आली होती. मी बायकोला म्हटलं, "आता बघ. आजवर कारण नव्हतं म्हणून जमलं नाही. आता कारण आहे." आणि मला ते मनापासून खरं वाटत होतं. लहानपणी आई आजारी असायची तेव्हा माझे डबे अक्कानेच भरले होते. तिच्यासाठी आठ किलो म्हणजे काय मोठंसं?

पहिले दोन आठवडे मी खरोखर शहाण्यासारखा वागलो. बायकोने साखर, मैदा, तेलाचा मोठा डबा, सगळं घराबाहेर काढलं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी डब्यात दोन भाकऱ्या, भाजी आणि काकडी, रात्री नुसतं सूप. मी मल्लेश्वरमच्या आमच्या घरातून साडेपाचला निघायचो आणि तळ्याभोवती तासभर चालायचो. किती पावलं झाली त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचो. त्याखाली अक्काचा अंगठा यायचा. कधीकधी ती हात जोडलेलं चित्र पाठवायची, आणि ते बघून मी आणखी एक फेरी मारायचो. तीन किलो उतरले.

तिसऱ्या आठवड्यात मी दर्शिनीत शिरलो.

आमच्याकडे सकाळी चालणाऱ्यांची एक रीत आहे. चालून झालं की सगळे टोळकं करून जवळच्या दर्शिनीत जातात, उंच स्टीलच्या टेबलांशी उभे राहतात आणि जेवढं जिरवलं त्याच्या दुप्पट खातात. पहिले दोन आठवडे मी बाहेरूनच हात करून पुढे जात होतो. त्या सोमवारी आदल्या दिवशीचा एक फोन डोक्यात होता. अक्काच्या पोटातलं पाणी पुन्हा वाढलं होतं. मी म्हटलं, नुसती कॉफी घेऊ, बिनसाखरेची. मग कॉफीबरोबर एक वडा घेतला. गुरुवारपर्यंत माझ्यासमोर खारा बाथ आणि केसरी बाथ एका ताटलीत आले होते, एकीकडे तिखट उपमा आणि दुसरीकडे तुपात न्हालेला शिरा. मी ते उभ्या उभ्या, घाईघाईने, कुणी ओळखीचं दिसतंय का बघत संपवलं. हात धुतले, मिशा पुसल्या आणि घरी येऊन बायकोसमोर साळसूदपणे आंबील प्यायलो.

त्यानंतर जवळजवळ रोज. कधी वडा-सांबार, कधी लोण्याचा डोसा. के. आर. पुरमला ऑफिसजवळ एक बेकरी आहे, तिथलं खोबरं भरलेलं दिलपसंद संध्याकाळी मेट्रोत चढण्याआधी. पावलांचे फोटो ग्रुपवर जातच होते, कारण पावलं खरी होती. बायको विचारायची, "अहो, काटा का हलत नाही?" मी म्हणायचो, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. ती बिचारी मोबाइलवर शोधून भाकरीही अर्धी करायची.

मोटिव्हेशन हा शब्द त्या दिवसांत मी फार ऐकला. कारण सापडलं की माणूस आपोआप बदलतो म्हणे. माझ्याकडे तर जगात कुणाकडे असेल त्याहून मोठं कारण होतं. ते दर रविवारी माझ्यासमोर खुर्चीत बसून, पिवळ्या डोळ्यांनी, बिनमिठाची पेज पीत होतं. आणि सोमवारी सकाळी मी पुन्हा त्या काउंटरपाशी कूपन घेऊन उभा असायचो. त्या कूपनाचा मला राग यायचा, स्वतःचाही यायचा, आणि रागाच्या भरात मी आणखी एक वडा मागवायचो. हे कुणाला सांगितलं तर कुणाला पटेल?

उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, अक्काने आम्हाला जेवायला बोलावलं. उभं राहवत नव्हतं म्हणून स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसली आणि दाजी नको नको म्हणत असताना तिने स्वतः होळिगे केल्या, आमच्या पुरणपोळीच्याच पातळ बहिणी. स्वतःला खायची परवानगी नव्हती. मी कोशिंबीर आणि भाकरीवर भागवत होतो, कारण सगळ्यांचे डोळे माझ्या ताटावर होते. ती होळिगे घेऊन आली. धाकटा म्हणून मला ती कानडीत तम्माच म्हणते.

"तम्मा, सणाचा दिवस आहे. स्वल्प तरी घे."

"साकु, पुरे, अक्का. डॉक्टर काय म्हणालेत?"

"एकाने काय होतं? वाळला आहेस माझ्यापायी. मला बघवत नाही."

मी एक होळिगे खाल्ली. तुपाशिवाय. त्या आठ आठवड्यांत मी बाहेर जे काही चरलो त्याच्यासमोर ती होळिगे म्हणजे काहीच नव्हती. पण सगळ्यांदेखत खाल्लेली तेवढी एकच होती.

आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झालं. आम्ही सगळे डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो, अक्का चाकाच्या खुर्चीत, तिच्यामागे भाची. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. सुरुवातीला उतरलेल्या तीन किलोंतले दोन परत आले होते. चरबी जवळपास तेवढीच होती. "तुम्ही सांगता तसं खाल्लं असतं तर असं दिसलं नसतं," ते म्हणाले. "बाहेरचं काही खाणं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आधी अक्का बोलली. "माझी चूक आहे डॉक्टर. सणाला मी जबरदस्तीने होळिगे खायला घातली त्याला. तो नको म्हणत होता."

डॉक्टरांनी मान हलवली. एका पोळीने एवढं होत नाही हे त्यांना कळत असणारच, पण आजारी बाईसमोर ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. माझ्या बहिणीने माझ्यासाठी दोष डोक्यावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. आयुष्यात बरीच लाज वाटण्यासारखी कामं केली आहेत, पण ती काही सेकंदं सगळ्यांच्या वर आहेत.

आणखी थांबायला वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, "घरात दुसरं कुणी आहे का?" दाजी जमिनीकडे बघत होते. मग खुर्चीमागून भाची म्हणाली, "मी आहे. माझा ग्रुप आईचाच आहे."

अक्का रडायला लागली, नको नको म्हणायला लागली. आणि मला काय वाटलं ते आज लिहून टाकतो. मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं. त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं की पोट कापून घ्यायची मला एवढी भीती होती. जिभेमुळे मी खाल्लं की त्या भीतीमुळे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. रात्री कूस बदलताना मी दोन्ही उत्तरं आलटूनपालटून स्वतःला देतो.

पोरीच्या सगळ्या तपासण्या पहिल्या फटक्यात पार पडल्या. ऑपरेशनच्या दिवशी आई आणि मुलगी शेजारशेजारच्या थिएटरात होत्या आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, अंगावर एक ओरखडाही नसलेला. दोघी वाचल्या. अक्काचे डोळे महिन्याभरात पांढरे झाले. भाचीला मात्र आधी ताप आला, मग पित्ताची गळती झाली, पुन्हा दहा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा बुडाली. ती वाकून चालायची, खोकला आला की पोटाशी उशी धरायची.

त्यानंतर माझं वजन उतरायला लागलं. कुणी सांगितलं नाही, कुणी डबा मोजला नाही. दर्शिनीच्या दारातून सांबाराचा वास आला की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो. वर्षभरात मी पंच्याहत्तरवर आलो, कुणालाच काही उपयोग नसताना. ऑफिसात लोक पाठ थोपटतात. मागच्या महिन्यात एचआरमधल्या बाईंनी विचारलं, "सर, सगळ्यांसमोर दहा मिनिटं बोलाल का? तुमचं मोटिव्हेशन काय होतं?" मी घसा बसल्याचं सांगून सुटका करून घेतली.

गेल्या रविवारी मी एकटाच अक्काकडे गेलो होतो. शेजारची बाई मला बघून म्हणाली, केवढे बारीक झालात. अक्का लगेच म्हणाली, "तेव्हाही झालाच असता. मीच मेली होळिगे घेऊन आडवी आले. माझ्या जिभेला हाड नाही, नाहीतर माझ्या पोरीवर ही वेळ आली नसती." हसत म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं. मला कळलं की दोन वर्षं ती रोज हेच मनात घोकत असणार.

निघताना भाची मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला आली. आता ती नोकरी करते, ताठ चालते. कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी मी थांबलो आणि सगळं सांगून टाकलं. दर्शिनी, बेकरी, मिशा पुसून प्यायलेली आंबील. होळिगेचा काही संबंध नव्हता हे सांगितलं. ती चिडेल, ओरडेल अशी माझी तयारी होती. खरं तर तिने ओरडावं असंच मला वाटत होतं.

ती म्हणाली, "रोज खायचात?"

"जवळजवळ रोज."

"आईला हे तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

"सांगतो," मी म्हटलं. "आत्ता परत जाऊन सांगतो." आणि मग, स्वतःची थोडी तरी बाजू मांडावी म्हणून, मी म्हणालो, "मला बहुतेक भीती वाटत होती गं. कापून घ्यायची."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"भीती मलापण वाटत होती, मामा," ती म्हणाली. "पण मी बारीक होते ना."