बहिऱ्यांची दोन गावं

मी पॅरिसला शिकायला निघालो तेव्हा सौंसरच्या स्टेशनावर मला निरोप द्यायला आमचं घर आलं, आणि स्टेशनमास्तरांना वाटलं भांडण जुंपलं. त्यांचा दोष नव्हता. आम्ही लोधीखेड्याचे तांबट. तांब्याचे गुंड, म्हणजे पाण्याचे मोठे हंडे, ठोकता ठोकता आमच्या घराण्याचे कान मंदावलेले. मायेनं बोललेलंही आमच्याकडचं पार शेजारच्या बोरगावात ऐकू जावं. छोटी गाडी हलली तसे बाबा खिडकीशी चालत ओरडले, "तिकडं दबून बोलू नको गा!" देश स्वतंत्र होऊन दुसरंच वर्ष. डब्यातल्या समोरच्या गृहस्थांना वाटलं, हा निरोप थेट फ्रान्स सरकारसाठीच आहे.

पोट्टे हो, मी मात्र दबूनच बोललो. शिष्यवृत्तीवर यंत्रांची ड्रॉइंग शिकलो, मग पॅरिसलाच एका कचेरीत लागलो. तिथं लोक पाव मागतानाही कानगोष्ट करतात. माझा 'बोंजूर' ऐकला की घरमालकिणीच्या हातातली बशी हलायची. म्हणून आवाज उतरवत उतरवत इतका खाली नेला, की साहेबाला वाटू लागलं याला काही येतच नाही. छप्पन साली त्यानं मला नारळ दिला.

त्याच दिवसांत इकडे राज्यांची फेरमांडणी झाली. कालपर्यंत आमची राजधानी नागपूर. आता नागपूर मुंबई राज्यात आणि आम्ही भोपाळकडे. मामाचं नागपुरातलं घर जागचं न हलता दुसऱ्या राज्यात गेलं. काम मिळालं नाही तर मला हात हलवत परतीची बोट धरायची होती, आणि परतायचं ते नेमकं कुठल्या राज्यात, तेही धड कळत नव्हतं.

शेवटची आशा होती विलद्यू. नॉर्मंडीतलं जुनं गाव. नावाचा अर्थ देवाचं गाव. धर्मयुद्धांच्या काळात लढवय्या साधूंच्या पंथानं वसवलेलं. तिथल्या तांब्याच्या कारखान्याला आराखडे काढणारा हवा होता. मी वेळेआधी पोचलो आणि गावात भटकलो. दगडी कमानीखालून वाकून आत जावं, तर अरुंद बोळ. बोळ संपला की चौक. वर घरं, खाली कामाच्या जागा. एकीकडे देवळाच्या घंटा ओतायचं काम चाललेलं, साच्याच्या मातीत घोड्याची लीद अन् बकरीचे केस कालवलेले. शतकांपासून हेच, असं सांगताना कारागीर फुगला होता. मलाही उगाच फुगल्यासारखं झालं.

मग एका चौकातून ठोके ऐकू आले. तांबं मठारायचा, ठोकून गुळगुळीत करायचा ठोका. माझे पाय तिथंच थांबले. कारखाना तोच निघाला.

मालकानं मुलाखत कचेरीत घेतलीच नाही. हातोड्या चालू असताना, मधोमध उभं राहून प्रश्न विचारले. माझ्याआधी आलेला पॅरिसचा तरुण दर प्रश्नाला कान पुढं करून "काय?" म्हणत होता. मी तर पाळण्यापासून अशाच गोंगाटात ओठ वाचत आलेलो. किती वर्षांनी छाती भरून उत्तरं दिली. शेवटी मालकानं विचारलं, हा आवाज कुठला? मी ओरडलो, "लोधीखेडा!"

एकेक हातोडी थांबली. मालक हसून म्हणाला, "म्हणजे तूही बहिऱ्यांपैकीच." ठोक्यांनी कान गेलेल्या या गावकऱ्यांना आजूबाजूचे बहिरे म्हणतात, आणि हे लोक ते नाव पदवीसारखं मिरवतात. सोमवारपासून ये, म्हणाला.

दोन वर्षांनी घरी आलो तेव्हा बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पॅरिसचं त्यांनी विचारलंच नाही. विलद्यूचं मी ओरडून सांगितलं, तेव्हा सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. बाबा हातोडीचा दांडा चाचपत बसले. मग म्हणाले, "त्यायचेही कान गेले काय? मंग आपलंच गाव व्हय ते." सौंसरच्या बाजारात मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, पोरगा फ्रान्सात नाही, तिकडच्या लोधीखेड्यात राहून राहिला.

आता बाबा नाहीत, आणि कानांचा वारसा माझ्याकडे आला आहे. सकाळी विलद्यूच्या बोळात हातोड्या सुरू झाल्या की मी खिडकी उघडून समोरच्या म्हाताऱ्याला मराठीत हाक मारतो. तो फ्रेंचमध्ये ओरडून उत्तर देतो. दोघांनाही धड ऐकू येत नाही.

पण दबून कोणीच बोलत नाही, बाबा.