पाठक सर आणि मेणाचा चेंडू

पाठक सरांची माझी पहिली भेट अकरावीच्या वर्गातली, आणि त्या दिवशी मी त्यांच्यावर चांगलीच चिडले. साखरा या खेड्यातून हिंगोलीला नुकतीच शिकायला आलेली मी. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी मला प्रयोगाचा अंदाज फळ्यावर लिहून खाली सही करायला लावली. अंदाज चुकला, वर्ग हसला. मी डस्टर उचललं, तर सर म्हणाले, "पुसू नको. राहू दे आठवडाभर." आधी अंदाज, खाली सही, मग प्रयोग, हा सरांचा शिरस्ता.

पुढे पुण्यात, गोल्फचा चेंडू कुठे पडेल हे आधीच सांगणाऱ्या संगणकप्रणालीवर मी काम करू लागले. खरा चेंडू मात्र माझ्या गणिताच्या कितीतरी पुढे जाऊन पडे. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. एखादा आकडा गुपचूप घुसडून मेळ घालावा, असं माझ्या मनात आलं. सरांना फोनवर तसं बोललेही. ते रागावले नाहीत. "काहून घाई करून राहिलीस? चेंडू घेऊन ये," एवढंच म्हणाले.

मी चेंडू घेऊन हिंगोली गाठली. निवृत्तीनंतरही सर रोज कॉलेजच्या प्रयोगशाळेत येतात. खळग्याखळग्यांचा तो चेंडू त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिला. "याला देवी आल्या व्हत्या काय?" म्हणत त्यांनी एका चेंडूचे खळगे मेणाने बुजवले आणि फळ्यावर लिहिलं, 'गुळगुळीत चेंडू लांब जाईल.' खाली सही. मैदानावर मी दोन्ही चेंडूंना फटके मारले, सोबत आणलेल्या यंत्राने वेग मोजला. मेणाचा चेंडू निम्म्या वाटेतच पडला, तोही नेमका माझ्या गणिताने सांगितलेल्या जागी!

"गणित बराबर हाय, पोरी! तू चेंडूच गुळगुळीत धरलास!" सर लहान लेकरासारखे हसले. खळग्यांमुळे लगतची हवा घुसळून चेंडूला जास्त वेळ चिकटते, मागची ओढ कमी होते, आणि चेंडू लांब जातो. मी तेच धरलं नव्हतं. सरांनी लगोलग आपल्या सहीखाली 'चूक' असं लिहिलं आणि मुलांना बोलावून दाखवलं. आकडा घुसडायला निघालेल्या मला फार लाज वाटली. मी पुण्याला परतले आणि साहेबांना सांगितलं, चूक माझी होती. काम माझ्याकडेच राहिलं.

हिंगोलीहून निघताना सर बसस्थानकापर्यंत आले होते. उरलेलं मेण पुडीत बांधून हातात देत म्हणाले, "पुन्हा अडलं तर लागंल." ती पुडी आजही माझ्या टेबलावर आहे.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याच शिरस्त्याप्रमाणे मी अंदाज मांडते: सर ठणठणीत प्रकृतीने शंभरी गाठतील. खाली सही केली आहे. सर, माझे अंदाज खऱ्या चेंडूच्या बरेच अलीकडे पडतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. हाही तसाच अलीकडे पडू द्या.